चीज गोठवायचं तर आधी फ्रीजर तपासा : माझा अनुभव

फ्रीजच्या दारावर चिकटवलेले तीन तारे वेगळे आणि फ्रीजरचे तीन तारे वेगळे. सांगलीत ज्या ज्या दुकानांत विचारलं, तिथे हे कुणीही सांगितलं नाही. "थ्री स्टार आहे मॅडम, सगळं गोठतं," एवढंच उत्तर. दारावरचं ते लेबल ऊर्जा दक्षता ब्यूरोचं, फ्रीज वीज किती खाणार ते सांगणारं. फ्रीजर किती थंड होणार याच्याशी त्याचा काही संबंध नाही. चीज साठवण्यातलं बाकीचं काम अर्ध्या तासाचं आहे. अडतं ते इथेच, आणि चीजचा भुगा झाला की आपण दोष चीजला देत बसतो.

फ्रीजरचे तारे दिलेले असले तर ते फ्रीजरच्या झाकणावर नाहीतर माहितीपुस्तिकेत असतात. एक तारा म्हणजे उणे 6 अंश, दोन म्हणजे उणे 12, तीन म्हणजे उणे 18. चीजला उणे 18 हवं. बऱ्याच सिंगल डोअर फ्रीजचा वरचा कप्पा बर्फाच्या ट्रेपुरताच असतो, आणि बर्फ होतोय म्हणजे चीजही गोठणार ही समजूतच घात करते. पाणी शून्याला गोठतं. चीजमध्ये मीठ असतं, म्हणून ते शून्याच्या खाली गेल्यावरच गोठायला लागतं. चेडरसारखं कमी पाण्याचं चीज तर बरंच खाली. उणे 7-8 च्या कप्प्यात ब्लॉक हाताला कडक लागतो, पण आतलं काही पाणी गोठलेलं असतं आणि काही तसंच असतं. दिवसातून दहा वेळा दार उघडतं, थोडं वितळतं, पुन्हा गोठतं. दर फेरीला बर्फाचे कण मोठे होत जातात. पाणी गोठताना सुमारे 9 टक्के फुगतं, त्यामुळे हे मोठे कण चीजमधली प्रथिनांची जाळी फाडतात. बर्फ सुटल्यावर ते पाणी जाळीत पूर्ण परत जात नाही. पिशवीच्या तळाशी पांढुरकं पाणी दिसतं, आणि सुरी लावली की काप न पडता ओल्या वाळूसारखे दाणे सुटतात. असं चीज खराब झालेलं नसतं, पण सँडविचला त्याचा उपयोग संपलेला असतो.

फ्रीजमधला 1 ते 7 चा खटका म्हणजे अंश नव्हेत. साधारणपणे मोठा आकडा म्हणजे जास्त थंड, एवढाच त्याचा अर्थ. खरं तापमान कळायला फ्रीजचा थर्मामीटर लागतो. तो कप्प्यात नुसता टेकवू नका, कारण दार उघडताच हवेचं तापमान चढतं आणि आपण चुकीचा आकडा वाचतो. दोन गोठलेल्या पिशव्यांच्या मध्ये रात्रभर दाबून ठेवा आणि सकाळी पहिल्यांदा दार उघडाल तेव्हा वाचा. मोजायचं ते मे महिन्यात. आपल्याकडे पारा चाळिशीला टेकतो तेव्हा जो आकडा येतो तोच खरा. डिसेंबरातल्या आकड्यावर विसंबून राहू नका.

उणे 18 येत नसेल तर लगेच नवा फ्रीज घ्यायला धावू नका. मागची जाळी धुळीने भरली आहे का, फ्रीज भिंतीला चिकटून आहे का, ते बघा. मागे वीतभर जागा हवीच. दहाची नोट दारात धरून दार लावा आणि ओढा. सहज निघाली तर रबर सैल झालंय. कप्प्यात अर्धा सेंटीमीटर बर्फ चढला असेल तर डिफ्रॉस्ट करा. मात्र बटण दाबण्याआधी चीज बाहेर काढून बर्फाच्या डब्यात ठेवा, कारण डिफ्रॉस्टमध्ये अख्खा कप्पा तापतो. एवढं करूनही आकडा उणे 12 वरच अडला तर त्या फ्रीजरात ब्लॉक ठेवूच नका. किसलेलं चीज दोन-तीन आठवड्यांपुरतं ठेवा आणि संपवा. बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजांमुळे सांगलीत 'कोल्ड' म्हटलं की काम झालं असं वाटतं, पण तिथे माल थंड ठेवतात, गोठवत नाहीत.

आता कृती. मोझरेलाचा एक किलोचा ब्लॉक तसाच कधीही टाकायचा नाही. जाडी दुप्पट झाली की गोठायला वेळ दुपटीहूनही जास्त लागतो. 200 ग्रॅमच्या, दोन ते अडीच सेंटीमीटर जाडीच्या लाद्या करा. प्रत्येक लादी कोरडी पुसून आधी बटर पेपर, त्यावर क्लिंग फिल्म घट्ट, मग झिपची पिशवी. हवा दाबून काढा. हवा राहिली की पृष्ठभाग सुकून फिकट, चामट डाग पडतात. फ्रॉस्ट फ्री फ्रीजमध्ये आत पंखा फिरत असतो, तिथे ही दुहेरी गुंडाळी टाळू नका. जर्मनचं (अ‍ॅल्युमिनियमचं) ताट आधी फ्रीजरात गार करून त्यावर लाद्या एका थरात पसरा आणि दुसऱ्या दिवशी रचा. पिशवीवर तारीख लिहा. मी दोन महिन्यांच्या वर ठेवत नाही.

पिझ्झासाठीच हवं असेल तर सरळ किसून ठेवा. 200 ग्रॅमला एक चहाचा चमचा कॉर्नफ्लॉर हलक्या हाताने लावला की गोळा होत नाही. हे चीज गोठलेलंच पिझ्झावर टाकायचं.

लादीचं मात्र तसं नाही. ती फ्रीजरमधून काढून खालच्या कप्प्यात, गुंडाळी न सोडता, पूर्ण 24 तास ठेवा. या वेळात सुटलेलं पाणी थोडंफार परत आत मुरतं. घाईने ओट्यावर ठेवलं तर बाहेरचा थर घामेजून मऊ होतो आणि आत बर्फ तसाच राहतो. एकदा बर्फ सुटला की पुन्हा गोठवू नका.

चीज क्यूब आणि स्लाईस गोठवू नयेत असं माझं स्पष्ट मत आहे. हे प्रोसेस्ड चीज 4 अंशांच्या आसपास खालच्या कप्प्यात चांगलं टिकतं; दाराच्या खणात नको, तो सगळ्यात उबदार. ओला हात लावू नका. पनीरमध्ये पाणी जास्त असल्याने ते गोठवल्यावर स्पंजासारखं होतं. दोन सेंटीमीटरचे तुकडे ताटात सुटे गोठवून मग पिशवीत भरा, आणि वापरताना कोमट मिठाच्या पाण्यात दहा-पंधरा मिनिटं घाला. भुर्जीला आणि कोफ्त्याला उत्तम, तव्यावर परतायला ताजंच घ्या.

दुकानातून आणताना पिशवी बोटांनी चाचपा. आत बर्फाचे खडे खुळखुळत असतील किंवा ब्लॉक एका बाजूला बसलेला असेल तर तो एकदा वितळून पुन्हा गोठलेला आहे. रात्री फ्रीजर बंद ठेवणारी दुकानं असतात. तो माल घेऊ नका.

आणि वीज. फ्रीजरमध्ये रिकामी जागा असेल तिथे पाण्याच्या बाटल्या, वर चार बोटं जागा सोडून, भरून ठेवा; भरलेला फ्रीजर जास्त वेळ थंड राहतो. वीज गेली की दार उघडायचंच नाही. गावाला जाण्याआधी एका वाटीत पाणी गोठवून, त्यावर रुपयाचं नाणं ठेवून वाटी फ्रीजरातच राहू द्या. गावाहून परत आल्यावर नाणं वरच असेल तर ठीक. ते वाटीच्या तळाशी जाऊन गोठलेलं दिसलं तर मधल्या काळात सगळं वितळून गेलं होतं असं समजा, आणि मोझरेला आणि पनीर टाकून द्या.