दगडापायी दाढी गेली

मागच्या महिन्यात मी दाढी काढली. बरीच वर्षं राखलेली, बऱ्यापैकी घनदाट. घरच्यांना वाटलं याचं काहीतरी बिनसलंय, मित्रांनी विचारलं मुलाखत आहे का कुठे. खरं कारण सांगितलं तर अजून हसतात, कारण खरं कारण आहे एक दगड.

मुठीएवढा, काळपट हिरवा, हाताला जरा तेलकट लागणारा. सर्पेंटाइन. दगड कापून पॉलिश करायचा नाद ज्यांना आहे त्यांना माहितीये, मऊ असतो, ब्लेडला त्रास देत नाही, चकाकी छान येते. या दगडात मधून एक शीर गेली होती, बोटाच्या पेराएवढी रुंद, पांढरट-पिवळसर, आणि उजेडात तिरकी धरली की रेशमासारखी झळाळायची. मला वाटलं काय नशीब काढलंय! शिरेच्या बरोबर आडवा कट घेतला तर पट्टा कसा उठून दिसेल, एवढंच डोक्यात. करवतीला पाणी सोडलं, तोंडाला साधा मास्क लावला, कापला. दोन तुकडे झाले, छान झाले.

दुसऱ्या दिवशी करवतीखालचा ट्रे बघितला तर कालचा गाळ वाळून राखाडी खपली झालेली, तळ्याच्या तळासारख्या भेगा पडलेल्या. पत्र्याच्या पट्टीने खरवडायला घेतला. खिडकीतून उन्हाची तिरीप येत होती आणि त्या तिरिपेत धूळ वर उठली ती खाली बसेचना. मी तिथे बसून खरवडतोय आणि बघतोय. मग सहज त्या तुकड्यातली रेशमी शीर नखाने उचकटली तर कापसाचा धागा निघावा तसा बारीक लव असलेला झुबका निघाला, आणि मी काय केलं असेल? त्यावर फुंकर मारली. हो, फुंकर. वर्षानुवर्षं दगड कापतोय म्हणवणारा माणूस.

ती शीर म्हणजे बहुतेक क्रायसोटाइल. पांढरा ॲस्बेस्टॉस म्हणतात तो. आपल्याला ॲस्बेस्टॉस म्हटलं की पत्रे आठवतात, पण ही मुळात खाणीतून येणारी खनिजं आहेत, कायद्याने ज्यांना ॲस्बेस्टॉस म्हणतात ती सहा, त्यातलं क्रायसोटाइल सर्पेंटाइनच्या घराण्यातलं आणि बाकीची पाच ॲम्फिबोल नावाच्या दुसऱ्या खनिज-घराण्यातली. तंतू शिरेच्या भिंतीला काटकोनात उभे असतात म्हणून ती रेशमी झळाळी. म्हणजे मी ज्या चमकेवर भाळलो तीच खरं तर धोक्याची खूण होती.

हे तंतू तुटताना आडवे कमी तुटतात, उभे जास्त चिरतात. एकाचे दहा, दहाचे शंभर, दरवेळी अजून बारीक. हवेतले तंतू मोजताना साधारणपणे ५ मायक्रॉनपेक्षा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) लांब आणि जाडीच्या निदान तिप्पट लांब असलेले धरतात, आणि केस असतो अंदाजे ७० मायक्रॉन जाड, तेव्हा डोळ्यांना काय दिसणार. छातीत खोल गेलेला लांब तंतू तिथल्या पेशींना गिळून टाकता येत नाही, विशेषतः ॲम्फिबोलचे तंतू वर्षानुवर्षं तसेच पडून राहतात. आजार (फुप्फुसं कडक होणं, फुप्फुसाचा कॅन्सर, मेसोथेलिओमा म्हणजे मुख्यतः फुप्फुसावरच्या पातळ आवरणाचा कॅन्सर) दिसायला वीस-वीस, चाळीस-चाळीस वर्षं लागतात. म्हणून तर माणूस बिनधास्त राहतो, आज खोकला आला नाही म्हणजे आज काही झालं नाही असं वाटतं. एकदा फुंकर मारली म्हणजे संपलं असं काही नाही, धोका किती धूळ किती काळ छातीत गेली त्यावर वाढत जातो, पण अमुक इतकं चालतं अशी खात्रीची रेषाही कुणी आखून दिलेली नाही. दोन रात्री नीट झोप लागली नाही हे मात्र खरं.

मग बाकीचे दगड काढून बसलो. नेफ्राइट जेड म्हणजे त्या पाचांतली दोन, ट्रेमोलाइट-ॲक्टिनोलाइटच, फक्त तंतू नमद्यासारखे एकमेकांत घट्ट गुंतलेले, म्हणून तर तो इतका चिवट. अखंड आहे तोवर ठीक, धूळ केली की प्रश्न. संगजिऱ्यात कधी कधी ट्रेमोलाइट मिसळलेलं असतं. टायगर आय आणि त्याचा निळा भाऊ हॉक्स आय, यांचं नातं क्रोसिडोलाइटशी म्हणजे निळ्या ॲस्बेस्टॉसशी. सोनेरी टायगर आयमध्ये ते बरंचसं बदलून गंजलेलं आणि क्वार्ट्झमध्ये म्हणजे गारगोटीत जखडलेलं असतं, निळ्यात मूळ स्वरूपात जास्त उरलेलं. दक्षिण आफ्रिकेच्या ज्या नॉर्दर्न केप भागातून टायगर आय येतो तिथेच निळ्या ॲस्बेस्टॉसच्या खाणी होत्या, आणि तिथल्याच मेसोथेलिओमाच्या ३३ रुग्णांवर वॅग्नर आणि सहकाऱ्यांनी १९६० साली लिहिलं तेव्हा कुठे जगाचे डोळे उघडले. त्यातले कित्येक जण खाणकामगार नव्हतेच, नुसते त्या भागात राहिलेले. आणि ॲस्बेस्टॉस हे नाव नसलं म्हणून सुटलो असंही नाही, एरिओनाइट नावाचं तंतूंचं एक खनिज आहे (झिओलाइट जातीचं), तुर्कस्तानात कप्पाडोकियातल्या कराइनसारख्या गावांत त्याच दगडाची घरं होती आणि मेसोथेलिओमाने गावं पोखरली.

टायगर आयवरून लोक वाद घालतात की त्यात तंतू उरलेत का नाही. मला तो वाद फिजूल वाटतो, कारण तंतू नसले तरी ती क्वार्ट्झची धूळ आहेच, सिलिकोसिस हा फुप्फुसाचा आजार देणारी, आणि श्वासातून जाणारी स्फटिकी सिलिका (क्वार्ट्झ तीच) १९९७ पासून आंतरराष्ट्रीय कॅन्सर संशोधन संस्थेच्या यादीत कॅन्सर करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात आहे. काळजी दोन्हीकडे तीच घ्यायची.

तर आता माझं काय चालतं. ज्या दगडात तंतू दिसतात, सुईच्या टोकाने धागे सुटतात (दगड ओला करून बघायचं, आणि फुंकर नाही) तो मी कापत नाही. विषय संपला. नुसतं बघून ॲस्बेस्टॉस नाही असं ठरवता येत नाही, त्याला प्रयोगशाळेतला ध्रुवीकृत प्रकाशाचा मायक्रोस्कोप नाहीतर एक्स-रेची तपासणी लागते, पण बघून नको म्हणणं तर जमतं ना.

ज्यात दिसत नाही पण जात संशयाची आहे तो पाण्यात कापायचा, आणि पाणी म्हणजे ठिबक नाही, ब्लेड आणि दगड भेटतात तिथे धार. कोरडा ग्राइंडर, कोरडा पॉलिश पेपर, कोरडं ड्रिल तर कुठल्याच दगडावर नाही. पण पाणी आहे म्हणून मास्क काढायचा नाहीतर साध्यावर भागवायचं ही चूक मी वर्षानुवर्षं केली. ब्लेड पाण्याचे तुषार उडवतं, थेंब हवेतच सुकतो आणि आतली धूळ तिथेच तरंगत राहते. त्यात आपण तेच ट्रेमधलं पाणी पंपाने परत परत फिरवतो, म्हणजे तासाभराने आपण गाळच फवारत असतो. आता मी दगडागणिक पाणी बदलतो, कंटाळा येतो, तरी बदलतो. आणि हो, ओल्या हाताने वीज हाताळतोय तर आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) पाहिजेच.

मास्क म्हणजे रबराचा अर्ध्या चेहऱ्याचा, पी१०० किंवा पी३ म्हणजे अगदी बारीक धूळ अडवणाऱ्या फिल्टरवाला. कापडी नाही, सर्जिकल नाही, आणि ॲस्बेस्टॉससाठी एन९५ पण नाही. घातल्यावर फिल्टरवर तळवे दाबून श्वास आत ओढायचा, मास्क चेहऱ्याला चिकटून आत खेचला गेला पाहिजे. माझा खेचलाच जाईना! जबड्याच्या बाजूने मस्त गार हवा आत येत होती, दाढीतून. पट्टे आवळून बघितले, दाढी ट्रिम करून बघितली, दोन दिवसांची खुंटं असली तरी फटी राहतात म्हणे, आणि राहतातच. शेवटी वस्तरा.

गाळाचं मात्र सगळ्यात जास्त मनावर घेतलंय, कारण मी पकडलो गेलो तो तिथेच. काम संपलं की लगेच, वाळायच्या आधी, ओल्या फडक्यांनी ट्रे, ब्लेडचं कव्हर, टेबल, जमीन पुसायची, फडकी ओलीच पिशवीत, ती पिशवी अजून एका पिशवीत, वर चिठ्ठी. गाळ मोरीत ओतायचा नाही, पाइपातही बसतो आणि कुठेतरी जाऊन वाळतोच. झाडू नाही, ब्लोअर नाही, घरातला व्हॅक्युम तर नाहीच, तो पुढून ओढतो आणि मागून सगळीकडे उधळतो, त्याला हेपा म्हणजे बारीक धूळही अडवणाऱ्या फिल्टरवाला लागतो. एप्रन पूर्वी मी गॅलरीत जाऊन झटकायचो. खाणीत कधी पाऊल न टाकलेल्या बायकांना नवऱ्याचे कामाचे कपडे धुऊन मेसोथेलिओमा झालेला आहे, हे वाचल्यावर पोटात गोळा आला, कारण माझा एप्रन घरच्या कपड्यांतच धुतला जायचा. आता तो तिथेच ओला करून वेगळा धुतो, मी स्वतः.

ते दोन तुकडे अजून आहेत. ओले करून दोन पिशव्यांत बंद, मार्करने मोठ्या अक्षरात ‘तंतू, उघडू नये’. त्या कटचं पॉलिश राहिलंय, पिशवीतूनही पट्टा झळाळतो अधूनमधून.