तिथी पाहून अलिबाग: कुलाबा किल्ल्यावर पायी जाऊन यायची आखणी

अलिबागला जायचं ठरलं की बहुतेक जण आधी सुट्टी बघतात, मग राहायची सोय, मग बोट. किनाऱ्यावर पोचल्यावर कळतं की किल्ल्याभोवती पाणीच पाणी आहे आणि ओहोटी संध्याकाळी सहाला. कुलाबा किल्ला चालत जाऊन निवांत पाहायचा असेल तर आधी तिथी बघा. राहणं, खाणं, बोट हे सगळं त्यानंतर.

कोकणात भरतीचा हिशेब पाऊणपटीने करतात. तिथीला पाऊणने गुणलं की पूर्ण भरतीची वेळ मिळते, आणि त्यात सहा तास बारा मिनिटं मिळवली की पूर्ण ओहोटीची. चतुर्थीला चार गुणिले पाऊण म्हणजे तीन, म्हणून पहाटे तीन आणि दुपारी तीनच्या सुमारास भरती, सकाळी सव्वानऊच्या आसपास ओहोटी. पंचमीला पावणेचार, म्हणजे ओहोटी दहाच्या सुमारास. शुक्ल आणि कृष्ण दोन्ही पक्षांना हाच हिशेब लागतो. कालनिर्णयात अमावास्येपुढे ३० आकडा असला तरी इथे १५ धरायचा. या हिशेबात अर्ध्या-पाऊण तासाची चूक सहज निघते, कारण तिथी कमी-जास्त लांबीच्या असतात. त्यामुळे तो तारीख निवडण्यापुरता वापरा. निघायची वेळ मात्र मुंबईच्या, म्हणजे अपोलो बंदराच्या, भरती-ओहोटीच्या तक्त्यावरूनच ठरवा. अलिबागची वेळ तिच्याहून फारशी वेगळी नसते.

सगळ्यात जास्त फसगत होते ती अष्टमीला. त्या दिवशी ओहोटी बरोबर दुपारी बाराच्या सुमारास येते. मुंबईहून सकाळी निघून पोचायला अगदी सोयीची, म्हणून लोक तीच धरतात. पण अष्टमीच्या आसपास चंद्र आणि सूर्य यांची ओढ काटकोनात असते आणि भांगाची भरती येते. पाणी फार चढत नाही, तसंच फार उतरतही नाही. मुंबईच्या तक्त्यात उधाणाच्या, म्हणजे पौर्णिमा-अमावास्येच्या सुमाराच्या, ओहोटीला पाणी सरासरी पाऊण मीटरपर्यंत खाली जातं, भांगाच्या ओहोटीला मात्र १.८ मीटरच्या आसपासच थांबतं. म्हणजे तक्त्यात ओहोटी लिहिलेली असते, पण वाटेवर उधाणाच्या ओहोटीपेक्षा मीटरभर जास्त पाणी उभं असतं. म्हणून तक्त्यात वेळेशेजारची उंची आधी वाचा. ती एक मीटरच्या आत असेल तर चालायला उत्तम. सव्वा-दीड मीटर असेल तर कपडे भिजवायची तयारी ठेवा. त्याहून जास्त असेल तर घोडागाडी किंवा होडीच धरावी. एकाच दिवसाच्या दोन ओहोट्याही सारख्या नसतात, त्यामुळे सकाळची आणि संध्याकाळची उंची वेगवेगळी पाहावी.

मग पौर्णिमा-अमावास्या धरावी का? त्या दिवशी पाणी भरपूर उतरतं, पण उजाडता-उजाडता आणि दिवेलागणीला. सुदैवाने उधाणाचा जोर त्या तिथीनंतरही एक-दोन दिवस रेंगाळतो. त्यामुळे तृतीया ते पंचमी हे दिवस सोन्यासारखे: पाणी अजून खोल उतरतं आणि ओहोटी सकाळी साडेआठ ते दहाच्या दरम्यान येते. ऊनही वर आलेलं नसतं. मुक्काम करणाऱ्यांनी हेच दिवस पकडावेत. मुंबईहून एका दिवसात जाऊन येणाऱ्यांना पंचमी किंवा षष्ठी सोयीची, कारण ओहोटी दहा ते पावणेअकराच्या सुमारास असते. दुपारचा पर्याय हवा असेल तर त्रयोदशीला ओहोटी चारच्या आसपास येते. पण परतताना अंधार आणि शेवटची बोट या दोन्हींचा हिशेब आधी करावा.

किती वेळ मिळतो, हेही आधीच मोजावं. ओहोटीनंतर पाणी एकसारख्या वेगाने चढत नाही. एकूण चढाचे बारा भाग केले तर पहिल्या तासात एक भाग, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात आणि चौथ्यात तीन-तीन. म्हणजे पहिला तास पाणी जागच्या जागी असल्यासारखं वाटतं आणि तिथेच माणूस गाफील राहतो. उधाणाच्या दिवशी साडेतीन-चार मीटरचा चढ असेल तर तिसऱ्या एका तासात जवळजवळ मीटरभर पाणी वाढतं. म्हणून ओहोटीच्या दीड तास आधी किनाऱ्यावरून निघायचं आणि ओहोटीनंतर पाऊण तासाने, फार तर एका तासाने, किल्ल्याच्या दरवाजातून बाहेर पडायचं. ओहोटी साडेनऊला असेल तर आठला निघा, सव्वादहाला परतीला लागा, साडेदहा ही शेवटची रेघ. बुरुजावरून खालचे खडक कोरडे दिसले तरी थांबू नये. खडक उंच असतात, मधला वाळूचा सखल पट्टा आधी भरतो आणि परतीची वाट तिथेच तुटते. अडकलात तर पाण्यात उतरू नका. किल्ल्यात थांबा, होडीची विचारपूस करा, नाहीतर पुढची ओहोटी येऊ द्या.

वाट चुकण्यासारखी नाही. सुरुवातीला ओली, घट्ट, काळसर वाळू, मग किल्ल्याजवळ खडक. या खडकांना कालवं चिकटलेली असतात आणि त्यांच्या शिंपल्यांची धार तळव्याला ब्लेडसारखी लागते. मधल्या हिरव्या शेवाळावरून पाय सरकतो. अनवाणी जाऊ नये. साध्या चपला चिखलात रुततात आणि पट्टा तुटतो. मागे पट्टा असलेली, भिजली तरी चालतील अशी सँडल घालावी. मोबाईल प्लास्टिकच्या पिशवीत, माणशी लिटरभर पाणी, टोपी. वाटेत सावली अजिबात नाही.

घोडागाडी करायची तर भाव ठरवतानाच तीन गोष्टी विचारा: दर माणशी की गाडीचा, जाऊन-येऊन की एकेरी, आणि किल्ल्यावर किती वेळ थांबणार. वाद होतो तो नेहमी तिसऱ्या मुद्द्यावर. ज्येष्ठ माणसं बरोबर असतील तर जाताना गाडी करण्यापेक्षा येताना करा, तेव्हा पाणी चढत असतं आणि पाय दमलेले असतात.

किल्ला पुरातत्त्व खात्याकडे आहे, तिकीट आहे, पंधरा वर्षांखालच्या मुलांना लागत नाही. शिवाजी महाराजांनी १६८० मध्ये त्याचं बांधकाम सुरू करवलं, संभाजी महाराजांच्या काळात ते पुरं झालं आणि पुढे कान्होजी आंग्र्यांच्या आरमाराचं हे मुख्य ठाणं बनलं. १७२१ मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज मिळून त्यावर चालून आले, तरी किल्ला पडला नाही. मिळणारा दीड तास भराभर भिंतीभोवती चालण्यात घालवू नये. तट जवळून पाहा: मोठाले दगड एकावर एक नुसते रचलेले आहेत, सांध्यात चुना नाही. लाट आदळली की पाणी फटींत शिरतं आणि तिचा जोर तिथेच मोडतो. महादरवाजावरची वाघ, हत्ती, मोर ही शिल्पं येताना उन्हात नीट दिसतात. आत १७५९ मध्ये राघोजी आंग्र्यांनी बांधलेलं गणेश पंचायतन आहे, शेजारी गोड्या पाण्याची पुष्करणी. उत्तरेकडच्या तटाजवळ चाकांच्या गाड्यांवर दोन तोफा आहेत. त्यांवर यॉर्कशायरच्या लो मूर कारखान्याचं नाव ओतलेलं आहे, ते मुलांना वाचायला लावा. तिथून समोर सर्जेकोट हा जोडीचा छोटा किल्ला दिसतो. वेळेत असाल तरच तिकडे जा.

पावसाळ्यात हा बेत करूच नये. गेट वे ते मांडवा ही प्रवासी बोट मे अखेरीपासून ऑगस्ट अखेरीपर्यंत बंद असते, भाऊच्या धक्क्यावरची रो-रो, म्हणजे गाड्याही नेणारी बोट, हवामान पाहून सुरू राहते, पण समुद्र खवळलेला असतो आणि किल्ल्याची वाट तेव्हा धोक्याची आहे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी सर्वांत चांगले.

गेट वेहून मांडव्याला सुमारे तास लागतो. बोटीच्या तिकिटातच पुढची अलिबागपर्यंतची बस धरलेली असते, म्हणून तिकीट फेकू नका. बसला पाऊण तास धरा, आणि एसटी स्टँडच्या भागातून किनारा चालत पंधरा-वीस मिनिटं. म्हणजे बोट सुटल्यापासून वाळूवर पाय ठेवेपर्यंत सव्वादोन-अडीच तास. सकाळी दहाच्या ओहोटीसाठी साडेआठला किनारा गाठायचा तर सकाळची पहिली बोटच लागते, तीही थोडी ओढाताण करून. गाडीने येणाऱ्यांनी वडखळची कोंडी गृहीत धरावी. शनिवारी सकाळी आणि रविवारी संध्याकाळी तिथे तास-दीड तास सहज जातो. रेल्वेने पेणला उतरून एसटी पकडता येते, साधारण ३० किलोमीटर.

पोहण्यासाठी मात्र अलिबागचा किनारा निवडू नका. त्यासाठी नागाव किंवा वरसोली बरं. दुपार मोकळी असेल तर गावातली कान्होजींची समाधी पाहावी. १९०४ पासूनची चुंबकीय वेधशाळाही याच गावात आहे. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून मुंबईतल्या कुलाब्याची वेधशाळा इथे हलवली, कारण विजेच्या तारांनी चुंबकसुयांचं मोजमाप बिघडतं. रेवदंड्याच्या रस्त्यावर आक्षीला शके ९३४ चा मराठी शिलालेख आहे.

जेवण एकच्या आत उरकावं, चांगल्या खानावळींत जिताडा मासा लवकर संपतो. मार्चनंतर जात असाल तर पांढऱ्या कांद्याच्या माळा कार्लेखिंडीकडच्या रस्त्यावर घ्या. घेताना वेणी उचलून बघा, मधले कांदे मऊ लागले तर दुसरी मागा. बोटीने परतणाऱ्यांनी रविवारी शेवटच्या बोटीवर विसंबू नये, तिच्या आधीच्या दोन फेऱ्यांपैकी एक धरावी आणि अलिबागहून त्या बोटीला जोडलेली बस किती वाजता सुटते ते सकाळी उतरतानाच विचारून ठेवावं.