संत्र्याला ओरांज म्हणायचं की नाही

डिसेंबरातली गोष्ट आहे, पण डोक्यातून जातच नाहीये म्हणून लिहून टाकतेय.

मी नागपुरात एका सीबीएसई शाळेत फ्रेंच शिकवते. लोकांना वाटतं फ्रेंचची टीचर म्हणजे काहीतरी स्टायलिश प्रकरण. प्रत्यक्षात आठवड्याला चार पिरियड, त्यातला एक कुठल्यातरी प्रॅक्टिसमध्ये जातो, आणि निम्म्या मुलांनी फ्रेंच घेतलेलं असतं कारण ते स्कोरिंग आहे असं शेजारच्या काकूंनी आईला सांगितलेलं असतं. त्यात बोर्डाने आर्ट इंटिग्रेशन आणलं, म्हणजे कलेतून विषय शिकवायचा. कल्पना चांगलीच आहे, पण आमच्याकडे तिचा झाला आइस्क्रीमच्या काड्यांचा आयफेल टॉवर. दरवर्षी टॉवरच टॉवर, त्यातले बहुतेक पपांनी रात्री अकरा वाजता फेव्हिकॉल लावून उभे केलेले, आणि फ्रेंच म्हणाल तर खाली एक शब्द, "पारी" म्हणजे पॅरिस, तोही प्रिंटआउट.

म्हणून यंदा ठरवलं की आठवीला चित्र बघून बोलायला लावायचं. आधी व्हॅन गॉगची ती आर्लमधली बेडरूम, १८८८ ची, प्रोजेक्टरवर लावली आणि पलंग कुठंय, खुर्ची कुठंय, टॉवेल कुठं लटकतोय सगळं विचारलं. "स्यूर" म्हणजे वर आणि "सू" म्हणजे खाली, आणि आमची मुलं दोन्हीला "सूर"च म्हणतात, त्यामुळे अर्ध्या वर्गाने उशी पलंगाखाली टाकली. पण बोलली तरी! मग नकार शिकवायला माग्रित या चित्रकाराचं १९२९ चं पाइपचं चित्र. तंबाखू ओढायचा पाइप अगदी नीट काढलाय आणि खाली लिहिलंय, हा पाइप नाही, "सेसी ने पा झ्यून पीप". कारण ते चित्र आहे, त्यात तंबाखू भरून दाखवा. "न" आणि "पा"च्या मधे क्रियापद कोंबायचं हे मी तीन वर्षं सॅंडविच काढून शिकवत होते, या एका चित्राने ते वीस मिनिटांत झालं.

तिसऱ्या आठवड्यात स्टिल लाइफ, म्हणजे फळं, भांडी अशा वस्तू मांडून काढलेलं चित्र. फ्रेंचमध्ये नात्यूर मोर्त, शब्दशः मेलेला निसर्ग, यावर वर्ग पाच मिनिटं हसला. चित्रकार सेझानची सफरचंदं आणि संत्री दाखवली, आणि बर्डीच्या बाजारातल्या गाडीवरून डझनभर खरी संत्री नेली, आंबिया बहाराची, ताजी. ड्रॉइंगच्या सरांनी स्वतःचा फ्री पिरियड दिला, जो आमच्याकडे कोणी सख्ख्या भावालाही देत नाही. माणूस खरा चित्रकार आहे आणि शाळा त्यांना वर्षभर रांगोळी आणि बोर्ड डेकोरेशन करायला लावते, असो. सर एवढंच म्हणाले, "गोल काढू नका रे, संत्रा गोल नसतो. आधी बघा." आणि खरंच, देठापाशी त्याला मान असते, साल तिथे फुगून वर आलेली असते. मी जन्मभर नागपुरात राहून हे बघितलेलं नव्हतं.

माझा भाग व्याकरणाचा. फ्रेंचमध्ये रंग नामाप्रमाणे बदलतो, अनेकवचनात एस लागतो, पण ओरांज, म्हणजे नारिंगी, हा रंग बदलत नाही कारण तो मुळात फळाचं नाव. हे मी फार रंगवून सांगितलं. तेवढ्यात मागच्या बाकांनी निसर्गाची चार संत्री खाल्ली होती, त्यांच्याकडून "आता संत्री उरली नाहीत" हे वाक्य करून घेतलं, ते खरं तर पुढच्या धड्यात आहे.

एक मुलगा आहे, फारसा बोलत नाही. त्याचं संत्रं सगळ्यात सुंदर होतं. मान आलेली, आणि एका बाजूने साल थोडी उचकटून आत पोकळी दाखवलेली. खाली लिहिलं होतं, "सेसी ने पा झ्यून ओरांज". मी खूश! वर्गाला दाखवून म्हटलं, बघा, माग्रित कळला याला, चित्रातलं संत्रं म्हणजे संत्रं नव्हे.

तो उभा राहिला. "नाही मॅम, खरा संत्रा असला तरी तो ओरांज नाहीच. तो मांदारीन आहे."

"कोणी सांगितलं?"

"आजोबांची बाग आहे काटोलला. मी ओरांज टाकून फोटो बघितले, सगळे मोसंबीवानी, साल चिकटून. आपला संत्रा असा कुठं असते? त्याची साल हाताने निघते."

वर्ग हसला. आणि मी काय म्हणाले, तर "बरं, बरं, पण परीक्षेत ओरांजच लिहायचं हं." तो बसला.

घरी येऊन बघितलं. पोरगं शंभर टक्के बरोबर. आपलं संत्रं मँडरिनच्या जातीतलं, फ्रेंच माणूस त्याला मांदारीनच म्हणेल, आणि सेझानच्या ओरांजचं खरं नातं आपल्या मोसंबीशी. वर गंमत म्हणजे ओरांज शब्द मुळात आपल्याच नारंगपासून, फारसी-अरबी करत युरोपात गेला आणि तिकडे दुसऱ्याच फळाला चिकटला. मी ऑरेंज सिटीत फ्रेंच शिकवते आणि आजवर हे मला कोणी विचारलं नाही, मीही स्वतःला विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी वर्गात सांगितलं की तो बरोबर आहे, मी चूक. त्याने नुसती मान हलवली. चित्र प्रदर्शनात लावलं, मांदारीन हा शब्द त्याने स्वतःच खाली वाढवला. संध्याकाळपर्यंत ते काढलेलं. का, तर वर "ऑरेंज सिटी"चा बॅनर आणि खाली "हे ऑरेंज नाही", पेरेंट्सचा गैरसमज होईल. मी भांडले नाही. भांडायला हवं होतं का, हे अजून ठरत नाहीये.

सुटीच्या आधी तो चित्र मागायला आला, आजोबांना दाखवायचं म्हणाला. मी मागे दहापैकी दहा लिहिले. देताना लक्षात आलं की मांदारीनच्या स्पेलिंगमधला शेवटचा ई राहिलाय, आणि ई नसला की त्याचा अर्थ होतो चिनी अधिकारी. लाल पेन हातातच होता. टोपण लावलं आणि चित्र गुंडाळून दिलं.