आबांचे जुलाब

कोपरखैरण्याच्या एका माथाडी वसाहतीतून फोन आला तो डायपरसाठी. ‘दिवसाला सात-आठ जातात ताई, परवडत नाही. स्वस्तातले कुठे मिळतील? आणि कातडी लाल झालीय, त्याला काय लावू?’ बोलत होती ती सून. मी घरोघरी जाऊन शुश्रूषा करणारी नर्स आहे आणि लघवी-संडासच्या तक्रारी हेच माझं मुख्य काम. पेशंट बघितल्याशिवाय डायपरचं मी कुणालाच काही सांगत नाही. ‘उद्या येते, तोवर आबांच्या सगळ्या गोळ्या एका पिशवीत काढून ठेवा,’ एवढंच म्हटलं.

आबा पंचाहत्तरीचे, मूळ पाटण तालुक्यातले. आधी मस्जिद बंदरला आणि नंतर वाशीच्या मार्केटला जन्मभर पोती वाहिलेली. उन्हाळ्यात घसरून खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, वॉकर धरून चार पावलं टाकायला लागले आणि मग हे जुलाब सुरू झाले. त्यांची खाट पुढच्याच खोलीत होती, म्हणजे येणारा-जाणारा प्रत्येक जण त्यांच्या उशापायथ्यावरून जाणार. पावसाचे दिवस, त्यामुळे चादरी आतल्या दोरीवर पंख्याखाली वाळत होत्या. दोन उदबत्त्या पेटवलेल्या. आबा भिंतीकडे तोंड करून पडले होते.

मी सगळ्यांना वरच्या मजल्यावर पाठवलं. आबांसारखा माणूस सुनेसमोर, नातवंडांसमोर या विषयावर तोंड उघडणं शक्यच नव्हतं. पहिल्या भेटीत माझा निम्मा वेळ नुसता विचारण्यात जातो. लोकांना वाटतं नर्स आली म्हणजे लगेच नळी नाहीतर इंजेक्शन. पण कधीपासून, किती वेळा, कळ येते का, घट्ट की पातळ, रात्री किती वेळा उठता, पाणी किती पिता, हे सगळं नीट कळल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

‘आबा, संडासला कसं होतंय?’

‘नुस्तं पाणी जातंय बाई. कवा गेलं त्ये कळत न्हाई.’

हे ऐकलं आणि मी सावध झाले. पोटात मुरडा नाही, घाई नाही, नुसतं नकळत झिरपतंय. विचारलं, ‘घट्ट, नेहमीसारखी शेवटची कधी झाली?’ आबा बराच वेळ आठवत राहिले. ‘ऑपरेशनच्या आदी.’

मग पिशवी उघडली. दुखण्याच्या गोळीत ट्रामाडॉल, रक्तवाढीसाठी लोहाची गोळी, कॅल्शियम. तिन्ही मलावरोध करणाऱ्या. वर मेडिकलवाल्याकडून आणलेली लोपेरामाइड, म्हणजे जुलाब थांबवायची गोळी, तीही रोज. पाणी प्यायलं की भिजतं म्हणून आबांनी पाणी जवळजवळ सोडलेलंच. जेवणात जुलाबाचं पथ्य म्हणून पेज आणि मऊ भात.

उलटी नव्हती, वारा सरत होता, म्हणजे आतडं पूर्ण अडल्याची लक्षणं नव्हती. तपासायचं म्हटल्यावर आबा अवघडले. मी म्हटलं, ‘तुमची मर्जी असेल तरच. नाहीतर डॉक्टरांना बोलावते.’ थोडं थांबून म्हणाले, ‘कर तू. दार तेवढं लाव.’ डाव्या बाजूला ओटीपोटात हाताला कडक गोळे लागत होते. ग्लोव्ह घालून, जेल लावून बघितलं तर गुदाशय गच्च भरलेला, अगदी दगडासारखा खडा. त्याच्या बाजूने वरचं पातळ तेवढं वाट काढत होतं आणि घरचे त्यालाच जुलाब समजत होते. जितक्या गोळ्या घ्याव्यात तितका खडा घट्ट.

दुसरी गोष्ट सुनेनं फोनवर सांगितलीच नव्हती, कारण डायपरमध्ये ती तिच्या लक्षात येणं कठीण होतं. आबांना लघवी थेंबथेंब होत होती. भांड्यात करायला लावली, जेमतेम दोन घोट. तरी ओटीपोट बेंबीपर्यंत टणक. मूत्राशय रिकामं होतच नव्हतं, तुंबलेलं तेवढं ओघळत होतं. भरलेला गुदाशय पुढच्या मूत्राशयावर दाब देतो, लघवीची वाट अडवतो. एकाच कारणाने दोन्हीकडची गळती.

त्यांच्या डॉक्टरांना तिथूनच फोन लावला. लोपेरामाइड बंद, ट्रामाडॉलऐवजी साधी पॅरासिटामॉल. किडनीचे रिपोर्ट वाचून दाखवले, कारण म्हाताऱ्या माणसाला कुठला एनिमा चालेल हे त्यावर ठरतं. डॉक्टरांनी सांगितला तो एनिमा दिला. शेजारून कमोडची खुर्ची आणली. तासाभरात जे बाहेर पडलं त्याचं वर्णन करत नाही, पण त्यानंतर आबांना धार लागली. मापाच्या भांड्यात 700 मिली. मोठ्या माणसाच्या मूत्राशयात एरवी 400-500 मिली मावतं. आबा घामाघूम होऊन म्हणाले, ‘आता पोटात जागा झाली गं.’ आणि भाकरी मागितली.

एका एनिमात हे संपत नाही. पुढे काही दिवस मल मऊ करणारी पावडर पाण्यातून चालली. सोनोग्राफीत लघवीनंतरही बरीच उरतेय आणि प्रोस्टेट वाढलीय असं दिसलं, त्याच्या गोळ्या सुरू झाल्या. कातडीवर टाकत होते ती पावडर बंद करून झिंक ऑक्साइडचं मलम. सकाळच्या चहा-नाश्त्यानंतर आतडी आपसूक हलतात, म्हणून त्याच वेळी रोज कमोडवर बसायचं. इतरांना मी पायाखाली पाट घ्यायला सांगते, गुडघे वर आले की जोर कमी लागतो. आबांना ते सांगितलं नाही, खुब्याच्या ऑपरेशननंतर तसं वाकणं धोक्याचं. तीन दिवसांची लघवीची वही शाळकरी नातवानं लिहिली: किती वाजता, किती मिली, किती चहा, ओलं झालं का. संध्याकाळचे दोन चहा त्या वहीमुळेच सुटले.

ब्रिटनमध्ये सरकारी आरोग्यसेवेत या कामासाठी वेगळ्या नर्सेस असतात आणि पॅड द्यायच्या आधी त्या अशीच तपासणी करतात. आपल्याकडे आधी डायपर येतो आणि बहुतेक वेळा तोच कायमचा उपाय होऊन बसतो. याचा मला खरोखर त्रास होतो. वयाने गळती होतेच असं समजून किती माणसं घरात कोंडून पडलेली असतात.

आबांना आता रात्री एक पॅड लागतो, दिवसा नाही.

शेवटच्या भेटीत निघताना सून जिन्यापर्यंत आली. ‘ताई, माझंपण एक होतं. खोकलं-शिंकलं की…’ दुसऱ्या बाळंतपणापासूनचं. धाकटी मुलगी सातवीत. आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं. मी परत आत आले आणि तिला व्यायाम शिकवला. वारा अडवताना जसं आवळतो तसं आवळायचं, श्वास रोखायचा नाही, पोट-मांड्या सैल. एका वेळी आठदा, दिवसातून तीनदा, निदान तीन महिने. बरोबर आवळतेय का हे तपासून दाखवलं. महिन्याने तिचा फोन आला, काहीच फरक नाही म्हणून. सोडू नका म्हटलं, फरक पडायला तेवढे दिवस द्यावे लागतात. ती करतेय.