पाण्यासाठी राखलेले जंगल : मॉन्टेव्हर्देच्या मेघवनात

नागपूरकरांच्या बोलण्यात जंगलात जाणे म्हणजे पेंच, ताडोबा किंवा उमरेड-कऱ्हांडल्याला पहाटे जिप्सीत बसणे आणि परतल्यावर ‘दिसला का?’ या एकाच प्रश्नाला उत्तर देणे. मुलगी अमेरिकेत असते. तिच्याकडे गेलो असता एप्रिलमध्ये आम्ही कोस्टा रिका या देशातील मॉन्टेव्हर्दे येथील राखीव मेघवन पाहायला जाणार आहोत असे फोनवर सांगितले, तेव्हाही शेजाऱ्यांनी तिथे कोणता प्राणी दिसतो हेच आधी विचारले. प्राण्याच्या शोधात गेलेल्याला हे जंगल बहुधा निराश करील, असे तिथे पायी हिंडल्यावर माझे मत झाले आहे. ते पाहायचे असेल तर त्यातले पाणी कुठून येते आणि कुठे जाते, याचा माग काढत पाहावे.

कॅरिबियन समुद्रावरून येणारे व्यापारी वारे तिलारान पर्वतरांगेला अडतात, उतारावरून वर चढताना थंड होतात आणि त्यांतील बाष्पाचे ढग थेट झाडांच्या शेंड्यांतून वाहू लागतात. पाऊस पडत नसतानाही पानांवर, नेच्यांवर आणि फांद्यांवरच्या शेवाळावर ढगातले सूक्ष्म थेंब अडकून ठिबकत राहतात. डिसेंबर ते एप्रिल हा पॅसिफिककडच्या उतारांवर कोरडा हंगाम असतो, पण माथ्यावरचे जंगल त्या दिवसांतही ओले राहते ते या ठिबकण्यामुळेच. आम्ही गेलो तेव्हा आकाशातून म्हणावा असा पाऊस नव्हता आणि तरीही अर्ध्या तासात टोप्या निथळत होत्या. याच दिवसांत आपल्याकडे सागाची सगळी पाने गळून पडलेली असतात, कारण पाणी वाचवण्याचा त्याच्याजवळ तोच उपाय असतो. इथल्या अनेक पानांना मात्र साचलेले पाणी लवकर निथळून जावे म्हणून लांब निमुळते टोक असते.

बॉस्के नुबोसो नावाची पायवाट फार दमवणारी नाही. सातपुड्यात पाचमढीच्या टेकड्या चढलेल्या माणसाला ती सोपीच वाटेल, फक्त मुळांवर पाय घसरतो आणि चष्म्यावर सतत बाष्प धरते. चालण्याचा वेग मात्र आपोआप कमी होतो, कारण प्रत्येक फांदी हीच एक बाग असते : शेवाळाचा जाड थर, त्यात कुजलेल्या पानांची माती, त्या मातीत ऑर्किड, नेचे आणि पानांच्या बेचक्यात पाणी साठवणारी ब्रोमेलियाड. जमिनीपासून कित्येक मीटर उंचीवर अशी माती तयार होते आणि काही झाडे स्वतःच्याच फांद्यांतून मुळे फोडून तिच्यातली पोषकद्रव्ये घेतात. या फांद्यांवरच्या सृष्टीचा अभ्यास ज्यांनी दोर लावून, वर चढून केला, त्यांत नलिनी नाडकर्णी या अमेरिकी शास्त्रज्ञांचे नाव फार मोठे आहे आणि मॉन्टेव्हर्दे हे त्यांच्या कामाचे एक प्रमुख ठिकाण. फांदीवरचे शेवाळ एकदा खरवडले गेले की ते पुन्हा भरून यायला दशके लागतात, हे वाचल्यापासून मी वाटेत कुठल्याही खोडाला हात टेकला नाही.

वाट संपते ती ला व्हेंताना या सज्जापाशी, खंडाच्या जलविभाजक रेषेवर. तिथे झाडे वाऱ्याने खुजी आणि वाकडी झाली आहेत. एका बाजूला पडलेले पाणी अटलांटिककडे जाते आणि दुसऱ्या बाजूचे पॅसिफिककडे. आम्हाला दोन्हीकडे पांढऱ्या धुक्याशिवाय काहीही दिसले नाही. कन्या हिरमुसली, मी नाही.

हे जंगल टिकले त्यामागे गवळ्यांचा व्यवहार आहे, आणि नागपूरच्या माणसाने तो जाणून घ्यावा असा आहे. अमेरिकेतील अलाबामा राज्यातले क्वेकर या शांततावादी ख्रिस्ती पंथाचे काही लोक युद्धाला आणि सक्तीच्या लष्करभरतीला विरोध म्हणून १९५१ मध्ये इथे येऊन राहिले. कोस्टा रिकाने १९४८ मध्ये सैन्यच रद्द केले होते, हे त्यांना भावले. त्यांनी जमीन घेतली, गायी पाळल्या, चीज करायला सुरुवात केली, आणि झरे आटू नयेत म्हणून डोंगरमाथ्याकडचे जंगल न तोडता तसेच ठेवले. राखीव वनाची स्थापना १९७२ मध्ये झाली, तेव्हा या आधीच राखलेल्या पट्ट्याचाही त्याला आधार मिळाला. आपल्या नळाला येणारे बरेचसे पाणी पेंच नदीवरच्या धरणांतून, म्हणजे वाघासाठी राखलेल्या जंगलाच्या कुशीतूनच येते. पण पेंचला जाणाऱ्या गाडीत मी याचा उल्लेख आजवर कधी ऐकलेला नाही.

प्राण्यांविषयी लिहिलेच पाहिजे, तर केट्झल या पक्ष्याविषयी लिहितो. गाइडने थांबवले तिथे, रानटी अॅव्होकॅडोच्या जातीच्या झाडावर, नर बसला होता : हिरवी पाठ, लालभडक पोट आणि शेपटीवरून खाली लोंबणारी लांब पिसे. तो ते छोटे फळ अख्खे गिळतो आणि बी नंतर बाहेर टाकतो, त्यामुळे झाडाचा प्रसार होतो. घरटे मात्र कुजलेल्या वठलेल्या खोडात करतो, म्हणून मेलेले झाड हटवणे इथे नुकसानीचे ठरते.

जे आता दिसणार नाही, त्याचीही गोष्ट इथलीच आहे. सोनेरी भेक फक्त याच परिसरात होता. १९८७ मध्ये प्रजननाच्या डबक्यांपाशी तो दीड हजारांहून अधिक संख्येने मोजला गेला, १९८९ मध्ये एकच नर दिसला आणि त्यानंतर एकही नाही. बुरशीजन्य रोग आणि असाधारण कोरडी वर्षे ही त्याची कारणे मानली जातात. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात धुक्याविना जाणारे कोरडे दिवस वाढत असल्याची नोंद आहे. समुद्र तापला की ढगांचा तळ उंच सरकतो, असा त्याचा अर्थ लावला गेला. खालच्या उतारांवरचा मोठ्या रंगीत चोचीचा टूकन वर येऊन केट्झलच्या शेजारी घरटी करू लागल्याचेही त्यात आहे. ढग आणखी वर गेला, तर माथ्यावरच्या झाडांना सरकायला डोंगर उरत नाही.

जाणाऱ्यांसाठी थोडे व्यवहाराचे. सकाळी उघडताच प्रवेश घ्यावा, पहिली फेरी गाइडसोबत आणि दुसरी एकट्याने करावी. छत्री निरुपयोगी आहे. रेनकोट, पकड असलेले बूट आणि दुर्बीण हवी. केट्झल पाहायचा असेल तर फेब्रुवारीअखेर ते जून हा विणीचा काळ बरा. इतक्या दूर जाणे शक्य नसेल, तर मुन्नारजवळ इरविकुलमच्या परिसरात आणि निलगिरीत शोला नावाची वने आहेत, तीही उंच डोंगरांवरच्या ढगांत वाढणारी आणि नद्यांचे उगम सांभाळणारी. इरविकुलम राष्ट्रीय उद्यान मात्र निलगिरी ताहर या रानबकरीच्या विणीसाठी साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये पर्यटकांना बंद असते, तेव्हा तिकीट काढण्याआधी तारखा तपासाव्यात.