कुलूपबंद लॅब आणि सातवीचं कोडिंग : माझा अनुभव

सहावीपासून मुलांना कोडिंग शिकवायचं हे २०२०च्या शैक्षणिक धोरणात आहे, मिटिंगला गेलं की कुणीतरी ते वाचून दाखवतंच. पण शाळेतल्या लॅबचं कुलूप कुणी उघडायचं हे त्यात नाही आणि आमचं घोडं नेमकं तिथंच पेंड खात होतं.

मी सोलापुरात एका अनुदानित शाळेत गणित-विज्ञान शिकवते. पूर्व भागातली शाळा, बऱ्याच मुलांच्या घरी यंत्रमाग नाहीतर विड्या, घरात तेलुगू, शाळेत मराठी. आमच्याकडं जुन्या स्कीममधून आलेले दहा कॉम्प्युटर होते. स्कीम अशी की कंपनीनं बसवायचे, पाच वर्षं चालवायचे आणि मुदत संपली की शाळेच्या ताब्यात द्यायचे. मुदत संपली, कंपनीचा माणूस गेला, मशीन राहिली, पण ताबा दिल्याचा कागद काही सापडेना. कागद नाही म्हणून डेडस्टॉक रजिस्टरला, म्हणजे शाळेच्या सामानाच्या वहीत, नोंद नाही, नोंद नाही म्हणून हात लावायचा नाही. मुख्याध्यापक सर म्हणाले, "मॅडम, उद्या ऑडिटला विचारलं तर मी काय सांगू? आधी शिक्षण विभागाच्या ऑफिसचं पत्र आणा."

मग काय, ऑफिस. अर्ज दिला, आवक नंबर पडला, सही झाली की कळवतो म्हणाले. कळवलं कुणीच नाही. परत गेले तर म्हणे हा विषय माझ्याकडं नाही, संगणकाचं सगळं पलीकडच्या टेबलावर. पलीकडचे रजेवर. ते आले तर साहेब व्हिडिओ कॉन्फरन्सला. मग निघालं की यादी पाहिजे, सिरियल नंबरसकट. मी शाळा सुटल्यावर मोबाईलचा टॉर्च लावून सीपीयूच्या मागचे स्टिकर वाचत बसले, अर्धे पुसलेले, आठ का तीन ते कळत नाही, वर धूळ इतकी की शिंकून शिंकून जीव नको झाला. यादी दिली तर "मॉनिटरचे नंबर कुठायत?" मॉनिटरचे दिले तर "हे लेटरहेडवर पाहिजे, सहीशिक्क्यानं." अहो, मग हे आधी एका दमात सांगायला काय होतं? एप्रिलमधलं सोलापूरचं ऊन, सकाळची शाळा सुटली की रिक्षानं तिथं जायचं, बाकावर बसायचं, पंखा आपला क्लार्कच्या डोक्यावर, आणि जेवायची सुट्टी झाली की सगळे उठून जाणार. माझ्यासमोर एकानं माझीच फाईल शोधताना ती उचलली, बाजूला ठेवली आणि पुढं शोधत राहिला. मी म्हटलं, "सर, तीच आहे." तर म्हणे, "थांबा ओ, बघतोय ना."

शेवटी तिथल्याच एका क्लार्कबाईंनी अर्ज पूर्ण वाचला. माझ्यामते तोवर तो कुणी वाचलाच नव्हता. त्या म्हणाल्या, "मॅडम, असं पत्र इथनं निघत नसतंय. करारातच आहे की मुदतीनंतर सामान शाळेचं. शाळा समितीचा ठराव करा, रजिस्टरला नोंद घ्या, एक प्रत आम्हाला माहितीसाठी द्या आन् पोच घ्या." झालं. एवढंच. अख्खा उन्हाळा त्यात गेला. त्या बाईंचे उपकार आहेत, बाकीच्यांबद्दल बोलत नाही. तुमच्याकडं अशी लॅब असेल तर आधी जुन्या फाईलीतून कराराची प्रत शोधा आणि त्यात ताब्याचं काय लिहिलंय ते स्वतः वाचा. पोच घेतल्याशिवाय कुठलाही कागद देऊ नका, हे तर वेगळं सांगायलाच नको.

जूनमध्ये कुलूप उघडेपर्यंत मी वर्गात कॉम्प्युटरशिवायच सुरू केलं होतं. १६, ८, ४, २, १ ठिपक्यांची पाच कार्डं, पाच मुलं उभी करायची, कार्ड उलटंसुलटं करून (दिसलं तर १, पालथं तर ०) दिसणाऱ्या ठिपक्यांच्या बेरजेनं ० ते ३१ पर्यंतचा कुठलाही आकडा करायचा. एका मुलानं वडिलांच्या कारखान्यातलं जेकॉर्ड मागाचं जुनं कार्ड आणलं, भोकंभोकं असलेला पुठ्ठा. भोक असेल तिथला उभा धागा वर उचलला जातो, नसेल तर खाली राहतो, आणि चादरीवर डिझाईन येतं. हे त्यानं मला समजावलं, मी नाही. मग मी सांगितलं की १८०४च्या सुमाराला फ्रान्समध्ये हा माग निघाला आणि पुढं बॅबेज नावाच्या इंग्रज गणितज्ञानं त्याच्या आकडेमोडीच्या यंत्रासाठी हीच कार्डांची कल्पना उचलली. पोरगं दिवसभर ताठ मानेनं फिरत होतं.

मशीनचं म्हणाल तर नुसता बीप वाजतो आणि स्क्रीन काळी, असं असेल तर दुरुस्तीवाल्याला लगेच बोलावू नका, मशीनची विजेची पिन काढा, रॅम म्हणजे मेमरीची पट्टी काढा, तिची सोनेरी पट्टी खोडरबरनं हलक्या हातानं घासा, परत बसवा. आमचे चार असेच उठले. तारीख दर वेळी मागं जात असेल तर आतला नाण्याएवढा सेल बदला. मुलांना ठोकळे जोडून प्रोग्रॅम करायला स्क्रॅच नावाचं सॉफ्टवेअर आहे; दोन जीबी रॅमवर नवं स्क्रॅच फार रखडतं, जुनं १.४ मस्त चालतं, नेट लागत नाही.

स्क्रॅचवर चौकोन काढायला सगळ्यांना पटकन जमला, चारदा पुढं जा आणि ९० अंशात वळ. त्रिकोणाला मात्र सगळ्यांनी ६० टाकलं आणि उघडाच आकार आला. मी उत्तर सांगितलं नाही, अवघड गेलं पण नाही सांगितलं. मागच्या बाकावरची एक मुलगी उठली, फरशीवर त्रिकोणात चालायला लागली, कोपऱ्यावर थांबली, किती वळावं लागतंय ते बघितलं आणि शेजारणीला तेलुगूत काहीतरी ओरडली. दोघींनी १२० टाकलं. बाह्यकोन मी आधी फळ्यावर शिकवला होता, कुणाच्या डोक्यात शिरला नव्हता.

एका मशीनवर दोनच मुलं बसवा, एकाच्या हातात माउस, दुसरा सांगणार, दहा मिनिटांनी अदलाबदल, नाहीतर एकच पोरगं माउस धरून बसतं. यूपीएसची बॅटरी गेलेली असते हे धरूनच चाला, दर पाच मिनिटांनी सेव्ह करायला लावा.

दिवाळीनंतर आठवीला पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा सुरू करायचीय. आमच्या विंडोज ७ वर पायथन ३.८च्या पुढचं चालत नाही, म्हणून तेच पेनड्राईव्हवर घेऊन ठेवलंय. ते टाकायला मात्र मी कुणाला विचारायला जाणार नाही.