येणेगूरला गाडी थांबली नाही

जळालेली मोटार भरताना तारेचे फेरे मोजावे लागतात. माझ्या दुकानातलं वाइंडिंग मशीन हातानं फिरवायचं आहे आणि त्याचा काउंटर तीन वर्षांपूर्वीच गेला. तेव्हापासून तोंडानं मोजतो. बावन्न, त्रेपन्न, चोपन्न... आणि नेमकं दारात कुणीतरी येऊन विचारतं, "काय शेठ, झाली का आमची मोटार?" गेला आकडा. तार उलगडा, पुन्हा एकपासून सुरू.

ऑगस्टच्या शेवटी गावातल्या शाळेचे मुख्याध्यापक आले. म्हणाले, यंदा १७ सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाला, झेंडावंदनानंतर तुम्ही बोला. दरवर्षी ते स्वतः कागद वाचतात, आणि वाचून वाचून त्यांनाच कंटाळा आला होता. माझी पात्रता काय, तर आमचे आजोबा १९४८ साली निजामाविरुद्ध लढणाऱ्यांच्या, सरहद्दीपलीकडच्या, सोलापूर बाजूच्या कॅम्पात होते. "कागद मात्र नको," सर जाता जाता म्हणाले, "घरच्यासारखं सांगा."

हो म्हणून बसलो आणि रात्री झोप येईना. पाचवीत असताना १ ऑगस्टला टिळकांवर भाषण केलं होतं. "मी शेंगा खाल्ल्या नाहीत" इथवर आलो आणि पुढचं वाक्य गेलं. पुन्हा म्हणालो, मी शेंगा खाल्ल्या नाहीत. तिसऱ्यांदा म्हणालो तेव्हा मागच्या रांगेतून आवाज आला, "मग खा की!" दहावीपर्यंत पोरं मला शेंगाच म्हणायची. त्यातला एक आता ग्रामपंचायतीत सदस्य आहे, अजूनही म्हणतो.

तरी अक्कल तीच. तीन पानं लिहून काढली. 'सन्माननीय व्यासपीठ'पासून 'जय हिंद, जय महाराष्ट्र'पर्यंत. आणि वार्निश वाळेपर्यंत घोकत बसू लागलो. पावसानं ओढ दिलेली, त्यामुळं जळालेल्या मोटारींची रांग लागलेली. दर पाच मिनिटांनी गिऱ्हाईक. दुसऱ्या पानाच्या मध्यावर कुणी हाक मारली की मला मध्यावरून पुढं जाताच यायचं नाही, परत सन्माननीय व्यासपीठ. आठ दिवसांत पहिलं पान एवढं पक्कं झालं की झोपेत म्हणेन, आणि तिसरं पान कोरंच. बायको म्हणाली, "काय पुटपुटायलाव ओ एकटंच?"

थोरली लातूरला नीटची तयारी करते. रविवारी फोनवर तिला सांगितलं तर हसली. "पप्पा, घोकू नका. जागेवर ठेवा." तिनं कवटीतल्या मज्जातंतूंच्या बाराच्या बारा जोड्या हॉस्टेलात मांडून ठेवल्यात म्हणे. पहिली वासाची, ती मेसच्या दारात. दुसरी नजरेची, ती रेक्टरबाईंच्या टेबलावर. रोजच्या वाटेनं मनात चालत जायचं आणि ठेवलेलं उचलत जायचं. ही युक्ती अडीच हजार वर्षांपूर्वीच्या एका ग्रीक कवीच्या नावावर सांगतात. जेवणावळीत छत कोसळलं, माणसं ओळखू येईनात, तेव्हा कोण कुठं बसलं होतं हे आठवून त्यानं एकेकाची ओळख पटवली. पंगतीचं म्हटल्यावर मला लगेच पटलं. आपल्याकडंही लग्नात काय बोलणं झालं ते विसरतं, पण कोण कुणाच्या शेजारी बसलं होतं ते वीस वर्षांनीही सांगतात.

माझी वाट कोणती? ती शोधावी लागलीच नाही. १३ सप्टेंबर १९४८ ला भारताची फौज सोलापूरहून ज्या रस्त्यानं निजामाच्या राज्यात शिरली, त्याच रस्त्यानं मी वीस वर्षं तांब्याची तार आणायला जातोय. मग भाषण एसटीत बसवलं.

सोलापूरच्या स्टँडवर कंडक्टर ओरडतोय, "गाडी तेरा महिने दोन दिवस लेट हाय!" म्हणजे १५ ऑगस्ट १९४७ ते १७ सप्टेंबर १९४८. देश स्वतंत्र झाला तरी आपण हैदराबाद संस्थानातच होतो ते हे तेरा महिने. नळदुर्गला बोरी नदीचा पूल, जो पहिल्याच दिवशी फौजेच्या हाती शाबूत लागला. जळकोटला हॉटेलात बशीत पाच भजी : औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड, उस्मानाबाद. तेव्हा मराठवाड्याचे जिल्हे एवढेच, आठ नंतर झाले. येणेगूरला भगव्या कपड्यात स्वामी रामानंद तीर्थ गाडीला हात करतात. मूळचे व्यंकटेश खेडगीकर, हैदराबाद स्टेट काँग्रेसचे अध्यक्ष. उमरग्याच्या चौकात रेडिओ, निजामानं शरणागती पत्करल्याची बातमी. आणि आमच्या फाट्यावर उतरायला आजोबा.

वाक्यं पाठ केली नाहीत. फक्त पहिलं वाक्य शब्दाला शब्द पक्कं केलं, कारण पाय लटपटतात ते तिथंच. बाकी रोज रात्री गच्चीवर मोठ्यानं बोलून पाहायचो, आणि दररोज शब्द वेगळे यायचे. आधी त्याची भीती वाटली, मग बरं वाटायला लागलं.

१७ तारखेला सव्वाआठला उभा राहिलो. सोलापूर सुटलं, नळदुर्ग झालं. जळकोटला भजी मोजत होतो, परभणीपर्यंत आलो आणि सरपंच आले. सगळे उठले, शाल, श्रीफळ, माईकनं शिट्टी मारली, लहान पोरं एकमेकांना ढकलायला लागली. चार मिनिटं तरी गेली असतील. पूर्वी एवढ्यात मी सन्माननीय व्यासपीठावर परत गेलो असतो. पण बशी समोर तशीच होती, दोन भजी शिल्लक. नांदेड, उस्मानाबाद म्हणालो आणि निघालो.

उमरगा, रेडिओ, आजोबा. आजोबांचं सांगताना मात्र जागा वगैरे काही लागलं नाही. ते कॅम्पातून परत आले तेव्हा आजीनं त्यांना ओळखलं नव्हतं, दाढीमुळं. हे कुठल्या पानात लिहिलेलं नव्हतंच.

टाळ्या पडल्या. शेंगा म्हणणाऱ्यानंही वाजवल्या. खाली उतरल्यावर सरांनी माझा हात हातात घेतला आणि हळूच म्हणाले, "छान झालं. स्वामीजींचं नाव तेवढं राहिलं."

मुक्तिसंग्रामावर बोललो, आणि मुक्तिसंग्रामाचा पुढारीच राहिला! बरं, विसरलो म्हणावं तर घरी येईपर्यंत सगळं आठवलं, अगदी खेडगीकरांसकट.

रात्री लेकीला सांगितलं. तिनं एकच विचारलं, "पप्पा, तुम्ही येणेगूरला कधी उतरलाव का?"

नळदुर्गला चहा घेतो. जळकोटला भजी खातो. उमरग्यात उधारी आहे. येणेगूरला वीस वर्षांत एकदाही पाय ठेवला नाही, खिडकीतून पाटी तेवढी बघितलेली. तिथं मी त्यांना उभं केलं होतं.

परवा तार आणायला सोलापूरला गेलो. येताना येणेगूरला उतरलो. स्टँडजवळ चहा घेतला, जरा गोडच होता, आणि मागून येणाऱ्या गाडीची पाऊण तास वाट बघितली.